जुनी ट्रॅक्स, सडलेला पत्रा आणि कॅम्परचा धंदा: हिशोब तळापासून सुरू करा



ताडोबाच्या आसपासच्या तरुणांच्या डोक्यात सध्या एक कल्पना जोरात फिरतेय. एखादी जुनी ट्रॅक्स किंवा फोर व्हील ड्राइव्ह जीप स्वस्तात घ्यायची, आत पलंग, ओटा, पंखा, दिवे बसवायचे आणि पर्यटकांना कॅम्पर म्हणून भाड्याने द्यायची. कल्पना वाईट नाही. पण यात पैसा नेमका कुठे बुडतो हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. तो पलंगात बुडत नाही आणि सोलर पॅनलमध्येही बुडत नाही. तो बुडतो गाडीच्या तळाला, जिथे आपण वाकून बघतच नाही.

म्हणून आज बोलायचंय गंजाबद्दल. गॅरेजवाल्याच्या भाषेत नाही, धंदेवाल्याच्या भाषेत. व्हिडिओत वेळेअभावी जे राहून जातं, ते इथे सविस्तर लिहितोय. वाचताना वही-पेन जवळ ठेवा.

आधी शब्द नीट समजून घ्या

आपल्याकडे 'कॅम्पर' म्हटलं की लोकांना बोलेरो कॅम्पर आठवते, म्हणजे मागे हौदा असलेली डबल केबिन पिकअप. आपण बोलतोय ती कॅम्पर म्हणजे जिच्यात माणूस झोपू शकतो, थोडं शिजवू शकतो, दोन दिवस राहू शकतो अशी गाडी. शासकीय भाषेत तिला 'कॅरॅव्हॅन' म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. महिंद्राने २०२२ मध्ये बोलेरो कॅम्पर गोल्डवर कॅरॅव्हॅन बनवण्यासाठी एका कंपनीशी करार केला. म्हणजे बाजार तयार होतोय, हे खरं आहे.

आणि गाडीत राहून प्रवास करणं ही काही परदेशातून आलेली गोष्ट नाही. आपल्याच वरोऱ्याच्या आनंदवनातले बाबा आमटे मणक्याच्या दुखण्यामुळे बसू शकत नव्हते. १९८५ च्या भारत जोडो अभियानात त्यांनी गाडीत आडवं पडून देश पालथा घातला. गरज असली की गाडीचं घर होतं. धंद्यातही पहिला प्रश्न तोच असतो: गरज कोणाची आहे?

आपल्या भागात गाडी लवकर का सडते?

चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र नाही, खारं वारं नाही. तरी इथल्या गाड्यांचे तळ लवकर जातात. कारणं साधी आहेत.

एक, पाऊस आणि चिखल. धानाच्या पट्ट्यातला चिखल चेसिसच्या पोकळीत जाऊन बसतो आणि दिवाळीपर्यंत ओला राहतो. वरून गाडी धुतली तरी आतला चिखल तसाच.

दोन, नाले. भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पूर उतरल्यावर गाड्या पाण्यातूनच काढल्या जातात. ते पाणी दाराच्या पोकळीत, साईडच्या पट्टीत, सीटखालच्या फोममध्ये शिरतं.

तीन, कोळसा. घुग्घुस, बल्लारपूर, वणीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीच्या सांध्यांत कोळशाची बारीक धूळ बसते. ती धूळ ओल धरून ठेवते.

चार, ऊन. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. रंग तडकतो, काचेचं रबर कडक होतं, आणि जूनचा पहिला पाऊस त्याच भेगेतून आत येतो.

आता एक गंमत बघा. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून जे खनिज निघतं, ते हेमॅटाइट. म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन. गंज म्हणजे काय? लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी. भट्टीत कोळसा जाळून आपण खनिजातला ऑक्सिजन काढतो आणि लोखंड मिळवतो. गाडी ओली ठेवली की निसर्ग तेच लोखंड परत मातीत न्यायला लागतो. हे काम तो रोज, फुकट आणि सुट्टी न घेता करतो. आपल्या हातात फक्त एकच असतं, त्याचा वेग कमी करणं. ते शून्य खर्चात होत नाही, आणि एकदा करून संपतही नाही.

गाडी घेण्याआधी: आरसी, मग चेसिस, मग इंजिन

लोक उलटं करतात. आधी इंजिन चालू करून बघतात. आवाज चांगला आला की टोकन देऊन मोकळे. ट्रॅक्सचं जुनं २.४ लिटरचं डिझेल इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं, दणकट आहे. ते दुरुस्त होतं. चेसिस सडली तर मात्र गाडी संपली.

पहिलं आरसी बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, आणि महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण कर भरावा लागतो. २०२२ च्या एप्रिलपासून नूतनीकरणाचं शुल्कही बरंच वाढलंय. म्हणून आजचा आकडा एमएच-३४ किंवा एमएच-३३ च्या कार्यालयात जाऊन विचारा, दलालाच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका. गाडीवर कर्जाचा बोजा, थकलेले चलान, जुन्या काळी-पिवळीचा परमिट रद्द झाला की नाही, हे सगळं याच टप्प्यावर.

एक खास सूचना. सरकारी जीप किंवा रुग्णवाहिका स्वस्तात मिळतेय म्हणून उड्या मारू नका. १५ वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढवता येत नाही. त्या भंगारात काढायच्या असतात. अशी गाडी तुम्ही कितीही सजवली, रस्त्यावर आणता येणार नाही.

दुसरं, चेसिस. चटई घेऊन जा आणि गाडीखाली झोपा. लाज वाटून घेऊ नका, पैसे तुमचे जाणार आहेत. सोबत चार वस्तू ठेवा: टॉर्च, जुना स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक.

हातोडीने हलकं ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द वाजतं. संशय आला तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबा. आत गेला तर तुम्हाला उत्तर मिळालं. चुंबक रंगावरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी, म्हणजे लांबी भरलेली आहे. रंगाला फोड दिसला तर लक्षात घ्या, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला वर ढकलतो. वर रुपयाएवढा फोड असेल तर खाली हाताएवढा गंज असू शकतो.

या जागा हमखास बघा: पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला लागतात ती जागा, स्टिअरिंग बॉक्सभोवतीचा भाग, बॉडी माउंट, बॅटरीचा ट्रे, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, मागच्या चाकावरचं मडगार्ड, छताची पन्हाळ, समोरच्या काचेचं रबर आणि ब्रेकचे पाइप. आणि चेसिस नंबर. तो वाचता आला पाहिजे. नंबरवर गंज असेल तर तिथे कधीही ग्राइंडर लावू नका. नंबर खराब झाला की गाडी चोरीची नाही हे सिद्ध करण्यात तुमचं वर्ष जाईल.

पाट्यांच्या हँगरपाशी किंवा स्टिअरिंगपाशी चेसिस आरपार सडली असेल तर माझा सल्ला एकच: हात जोडा आणि पुढची गाडी बघा. फुकट मिळाली तरी नको.

गंजाची तीन खाती

धंद्यात आपण उधारीची तीन खाती करतो: येणारी, अडकलेली आणि बुडीत. गंजाचंही तसंच करा. सीट, चटई, फोम, रबर सगळं काढा. दाबाच्या पाण्याने तळ धुवा. दोन दिवस कडक वाळू द्या. मग तीन रंगांचे खडू घेऊन खुणा करा.

*वरवरचा गंज.* लालसर थर, खाली पत्रा शाबूत. वायर ब्रश, सॅंडपेपर, प्रायमर, रंग. घरच्या घरी होतं.

*खड्डे पडलेला गंज.* पापुद्रे निघतात, पण पत्र्यात जीव आहे. पापुद्रा हातोडीने पाडायचा, ग्राइंडरला वायर कप लावून घासायचं, आणि खड्ड्यात जो गंज उरतो त्यावर रस्ट कन्व्हर्टर लावायचा. हा कन्व्हर्टर काय करतो? त्यातलं टॅनिन किंवा फॉस्फोरिक आम्ल गंजाशी मिसळून काळा, न सुटणारा थर बनवतं. आपल्या जंगलातला हिरडा आठवा. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. त्याच्या काढ्यात लोखंड पडलं की तो काळाकुट्ट होतो. जुन्या काळची काळी शाई आणि कापडाचा काळा रंग याच तत्त्वावर. म्हणून चेसिसला हिरडा चोळायचा नाही, पण तत्त्व कळलं की दुकानदार काय विकतोय ते कळतं. कन्व्हर्टर फक्त गंजावर काम करतो. सुट्या पापुद्र्यावर किंवा तेलकट पत्र्यावर लावलात तर पैसे वाया.

*आरपार गंज.* इथे औषध नाही, कापाकापीच. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत कापायचं, आणि त्याच्या पुढे आणखी दोन-तीन सेंटिमीटर. त्याच जाडीचा पत्रा मापात कापून, कडेला कड लावून वेल्ड करायचा. सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठोकायचा नाही. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी राहतं आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही पत्रे जातात. 'भाऊ, वरून एक पत्रा मारून देतो, स्वस्तात होईल' असं कोणी म्हणालं की समजा, तो तुम्हाला दोन वर्षांनी परत बोलावतोय.

बॉडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यावर साध्या आर्क वेल्डिंगने भोकं पडतात. सीओटू वेल्डिंगवाला शोधा. त्यालाही सलग शिवण मारू देऊ नका. एक टाका इथे, दुसरा वीतभर दूर, थंड होऊ द्या, मग मधले टाके. नाहीतर पत्रा वाकतो आणि मग तो वाकडेपणा लपवायला लांबीचे थर चढतात. चेसिसचं काम मात्र बॉडीवाल्याचं नाही. ट्रक-ट्रॅक्टरच्या चेसिसवर हात बसलेल्या माणसाकडूनच ते करून घ्या.

वेल्डिंगआधी हे पाच नियम भिंतीवर लिहा

१. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा.
२. डिझेल-पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवा. रिकामी टाकी जास्त धोकादायक, कारण आत वाफ असते. टाकीला स्वतः वेल्ड करू नका.
३. मागच्या बाजूचा फोम, वायरिंग, ब्रेक पाइप बाजूला करा. ठिणगी पलीकडे पडते, आपल्याला दिसत नाही.
४. जस्ताचा पत्रा असेल तर वेल्डच्या जागेवरचं जस्त घासून काढा आणि मोकळ्या हवेत काम करा. त्या धुराने ताप भरतो.
५. अग्निशामक सिलिंडर आणि पाण्याची बादली हाताशी. फेब्रुवारी ते जून हा आपल्याकडे वणव्याचा हंगाम. जंगलालगतच्या आवारात वाळलेल्या पानांवर ग्राइंडर चालवू नका.

रंग: कधी आणि कशावर

वेल्ड झाल्यावर उघडं लोखंड रात्रभर ठेवू नका. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, सांध्यांवर सीलर, मग वरचा रंग. नुसत्या पुट्टीवर किंवा साध्या प्रायमरवर गाडी सोडून दिली तर दोन्ही पाणी पितात आणि आतून गंज सुरू होतो.

आपल्या धंद्याची अडचण अशी की सफारी बंद असते पावसाळ्यात, म्हणजे गाडी मोकळी तेव्हा, आणि रंगाला हवा चांगली असते ती ऐन हंगामात. ताडोबाचा गाभा साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. म्हणून काम दोन तुकड्यांत करा. जुलै-ऑगस्टमध्ये पक्क्या छताखाली उघडणं, कापणं, वेल्डिंग आणि लगेच इपॉक्सी प्रायमर. तेही पाऊस थांबलेल्या दिवशी, पत्रा दिव्याच्या उष्णतेने किंचित कोमट करून. पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारं दव असतं आणि त्यावर रंग धरत नाही. वरचा रंग ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत. उन्हाळ्यात करायचाच असेल तर पहाटे, सावलीत. तापलेल्या पत्र्यावर थिनर क्षणात उडतो आणि रंग खरबरीत बसतो.

चेसिसच्या पोकळीत ब्रश पोचत नाही. तिथे लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स मारतात. अनेकजण जळकं ऑइल मारतात. ते रबर फुगवतं, धूळ धरतं, थेंब थेंब जमिनीत जातं, आणि कायद्याने तो घातक कचरा आहे. पर्यटक ज्या निसर्गासाठी येतो, तिथे तुमच्या गाडीखाली काळा डाग नको.

अंडरबॉडी कोटिंग शेवटी. गंजावरच काळा रबरी थर मारला तर तो ओल आत कोंडतो. बाहेरून गाडी नवी दिसते, आतून विरघळत राहते. आणि सर्वांत स्वस्त काम: दाराखालची, साईड पट्टीतली, चेसिसची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करणं. त्याला खर्च शून्य.

आता बदल करा, पण गाडीला झेपतील तेवढेच

बरेचसे कॅम्पर आतल्या सजावटीमुळेच सडतात. फरशीच्या पत्र्यावर थेट प्लाय ठोकला की खाली ओल अडकते. म्हणून खाली पट्ट्या द्या, हवा खेळू द्या, आणि स्क्रूसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकात प्रायमर आणि सीलर. दोन माणसं बंद गाडीत झोपली की त्यांच्या श्वासाची वाफ थंडीच्या रात्री छताला आतून लागते. समोरासमोर दोन झरोके हवेतच, एक खाली, एक वर.

वजनाचं गणित साधं आहे. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. ते छतावर ठेवलं तर नाल्याच्या उतारावर गाडी कलंडायला मदत करतं. पाणी, बॅटरी, सिलिंडर खाली आणि दोन चाकांच्या मध्ये ठेवा. गॅस वापरताना दारं उघडी ठेवा. झोपताना आत शेगडी किंवा कोळसा कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

विजेचं गणित बघा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरीत सुमारे १.२ युनिट वीज असते. २५ वॉटचा पंखा ८ तास चालला तर ०.२ युनिट. दिवे आणि मोबाइल मिळून ०.१. दोन रात्री आरामात. पण रात्रभर एसी चालवायचा तर सात-आठ युनिट लागतील. म्हणजे मे महिन्यात, जेव्हा वाघ दिसतो म्हणून पर्यटकांची झुंबड असते, तेव्हाच तुमच्या गाडीत झोपणं अशक्य. उपाय एकच, जिथे गाडी उभी राहणार त्या होमस्टेकडून बाहेरची वीज जोडून घेणं. ही सोय नसेल तर उन्हाळ्याचं उत्पन्न कागदावर धरू नका. बॅटरीजवळ फ्यूज हवाच, आणि लिथियम बॅटरी तापलेल्या पत्र्याला चिकटवून ठेवू नका.

जंगल रस्त्यासाठी उपयोगाच्या गोष्टी स्वस्त असतात. डिफरन्शियलचा ब्रीदर रबरी नळीने वर आणा, म्हणजे नाल्यातलं पाणी ऑइलमध्ये जाणार नाही. पुढे-मागे चेसिसला पक्के ओढायचे हूक. मूळ मापाचेच, पण चांगल्या खाचांचे टायर. लोखंडी बुलबार लावू नका. केंद्राने २०१७ मध्येच त्याला मनाई केलीय.

आणि टॉयलेट. पोर्टेबल टॉयलेटला लोक चैन म्हणतात. आपल्या जिल्ह्यात ती सुरक्षितता आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, चिमूर या भागात माणसावर वाघ-बिबट्याचे हल्ले दरवर्षी होतात आणि माणसं जातात. मोहाच्या दिवसांत अस्वलंही गावाजवळ असतात. पाहुण्याला रात्री अंधारात झुडपाकडे पाठवणारी कॅम्पर ही धंदा नाही, जबाबदारीतली चूक आहे. गाडी नेहमी कुंपणाच्या आत, उजेडात, मालकाच्या परवानगीने. जंगलात रात्री गाडी लावून राहता येत नाही, आणि गाभ्यातली सफारी नोंदणीकृत जिप्सीतूनच होते. तुमच्या कॅम्परचं काम गेटच्या बाहेर सुरू होतं आणि बाहेरच संपतं.

कायदा: इथे हुशारी नको

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. छत कापून उंच करणं, चेसिस लांबवणं, इंजिन बदलणं हे परवानगीशिवाय नाही. खऱ्या कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. म्हणून सुरुवातीला सुटी, नट-बोल्टने निघणारी पेटी-पलंगाची रचना करा. सीट काढायची असली तरी आधी आरटीओत लेखी विचारा.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही. पिवळी पाटी, परमिट, फिटनेस आणि त्याच वापराचा विमा हवा. आणि 'चावी देतो, तुम्हीच चालवा' हे रेंट-अ-कॅब योजनेत येतं. ती मोठ्या ताफ्यांसाठी आखलेली आहे, एका गाडीच्या मालकासाठी नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले तर गाडीबरोबर शेतही जाईल.

हिशोब मांडूया

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे तुम्ही भरा.

गाडी १,५०,०००. गंजकाम ९०,०००. मेकॅनिकल ८०,०००. वीज ७०,०००. आतली रचना १,२०,०००. कागदपत्रं, कर, विमा ४०,०००. बेरीज ५,५०,०००. पत्रा उघडल्यावर नवीन काहीतरी निघतंच, म्हणून चार कामांच्या ३,६०,००० वर २५ टक्के राखीव, म्हणजे ९०,०००. एकूण ६,४०,०००.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी १२० रात्री. त्यातल्या ४२ विकल्या, दर ४,००० धरला तर १,६८,००० आले. त्यातून सफाई ५०० प्रमाणे २१,०००, जागाभाडं ७०० प्रमाणे २९,४००, चालक ८०० प्रमाणे ३३,६०० आणि वर्षाची देखभाल व विमा ४५,००० वजा करा. उरले ३९,०००.

६,४०,००० ला ३९,००० ने भागा. सोळा वर्षांहून जास्त! तुमची जुनी गाडी सोळा वर्षं उभी राहील का?

म्हणून फक्त पर्यटकावर बसू नका. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. गडचिरोलीहून सिरोंचा जवळपास दोनशे किलोमीटर. आरोग्य शिबिरं घेणाऱ्या संस्था, सर्वेक्षण करणारे, सौर पंप बसवणारे, वन्यजीव अभ्यासक यांना आत मुक्काम करावाच लागतो आणि सोय मिळत नाही. अशांना वर्षाला ६० दिवस, दिवसाला २,८०० दराने, डिझेल त्यांचं, गाडी दिली आणि चालकाचे ८०० गेले तर १,२०,००० उरतात. एकूण १,५९,०००. आता पैसे चार वर्षांत निघतात.

आता नीट ऐका, सगळ्या लेखाचं सार इथे आहे. पैसे वसूल व्हायला चार वर्षं लागणार असतील तर गाडीचा तळ चार वर्षांच्या पुढे टिकलाच पाहिजे. नफा सुरू होतो पाचव्या वर्षी. गंजकामात ९० हजारांऐवजी ३० हजारांत 'वरून पत्रा' मारून घेतलात आणि तिसऱ्या पावसाळ्यात चेसिस गेली, तर तुम्ही ६० हजार वाचवले नाहीत, साडेपाच लाखांहून जास्त घालवले. गंजकाम हा खर्च नाही, तुमच्या परतफेडीची मुदत आहे.

गॅरेजवाल्या भावांसाठी दोन शब्द

या कामात तुमचाही धंदा आहे, पण 'अंदाजे सांगा ना भाऊ' या वाक्यात अडकू नका. उघडल्याशिवाय गंजाचा अंदाज येत नाही. आधी तपासणीचे वेगळे पैसे घ्या. सीट-चटई काढून फोटो काढा, तीन खात्यांत यादी करा, पॅनलनुसार दर लिहून द्या. नवीन सडका भाग निघाला तर फोटो पाठवून लेखी होकार आल्यावरच पुढे जा. काम झाल्यावर रंग मारण्याआधीचे फोटो ग्राहकाला द्या. रंगाखाली काय आहे हे दाखवणारा गॅरेजवाला आपल्या दोन्ही जिल्ह्यांत विरळ आहे. तोच तुमचा ब्रँड.

या आठवड्याचं काम

गाडी घेऊ नका. आधी तीन गोष्टी करा. एक, आरटीओत जाऊन तुमच्या मनातल्या गाडीचं वय सांगून नूतनीकरण, कर आणि पिवळ्या पाटीबद्दल विचारून लिहून आणा. दोन, मोहर्ली किंवा कोलारा गेटजवळच्या तीन होमस्टेवाल्यांना विचारा की कुंपणात गाडी लावायला आणि वीज द्यायला ते तयार आहेत का, किती घेतील. तीन, मुक्कामी काम करणाऱ्या दोन संस्थांना भेटा आणि विचारा, वर्षात किती दिवस गाडी लागते. ही तीन उत्तरं आली की वरच्या हिशोबात तुमचे आकडे भरा. किती वर्षांत पैसे निघतात ते बघा, आणि मगच चटई काखेत घेऊन गाडीखाली झोपायला जा.

गाडीखाली काय काय दिसलं, त्याचे फोटो काढून ठेवा. पुढच्या व्हिडिओत आपण गंजकामाचं लेखी कोटेशन कसं मागायचं आणि कसं वाचायचं ते ओळीओळीने बघू. तोपर्यंत नमस्कार, आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा!